विरूपाला नाव कसं आठवलं

शालूआते एकदा माझ्याशी बोलायचीच थांबली होती, आणि त्याला कारण झाला एक मांत्रिक. तोही खराखुरा नव्हे, कादंबरीतला. आज कुणाला सांगितलं तर हसू येईल. पण त्या काळी जामसंड्याच्या आमच्या घरात 'काजळद्वीपा'तल्या माणसांचं जेवढं मनाला लावून घेतलं जाई, तेवढं सख्ख्या नातेवाइकांचंही घेतलं जात नसे. लग्नाला कोण आलं नाही, मानाचं पान कुणाला मिळालं नाही, असल्या गोष्टी दादा, म्हणजे माझे वडील, दोन वाक्यांत मिटवून टाकायचे. 'वाळूचं सैन्य' हा चौथा भाग बरा की वाईट, हा प्रश्न मात्र आमच्याकडे एक अख्खा पावसाळा चालला होता.

या कादंबऱ्या लिहिणारे त्र्यंबक औटी घाटावरचे. समुद्राच्या कथा लिहायचे, पण त्यांचं आयुष्य समुद्रापासून लांब गेलेलं. वाचनालयात त्यांच्या प्रत्येक भागाची एकच प्रत यायची आणि ती कधी जाग्यावर नसायची. शालूआते दादांची थोरली बहीण, प्राथमिक शाळेत बाई. तिनं लग्न केलं नव्हतं आणि आमच्याकडेच राहायची. तिनं स्वतःच्या पगारातून सगळे भाग विकत आणलेले होते. त्यांना शाळेच्या पुस्तकांना घालतात तसली खाकी कव्हरं घालून तिनं ते पितळी डब्याशेजारच्या फडताळात ठेवलेले. तिथून पुस्तक काढायचं तर हात धुऊन, आणि खाताना वाचायचं नाही. हा नियम दादांनाही लागू होता.

दादा देवगडच्या कचेरीत कारकून होते. संध्याकाळी सायकल मांडवाच्या खांबाला टेकवून विहिरीवर हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे, आणि दिवेलागण झाली की खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, बाकावर बसून मोठ्यानं वाचायचे. घरी दादांचं बोलणं म्हणजे हो, नाय, बघूया. पण पुस्तक हातात आलं की त्यांचा आवाज असा उघडायचा की रस्त्यावरचा माणूस कुंपणाच्या दगडी गडग्याशी थांबायचा. आई आतून सगळं ऐकायची. तिची कामं त्या वाचनाच्या लयीत चालत. नारळ खवण्याचा आवाज, मग पाट्यावर वाटणाचा, मग तव्यावर आंबोळी पसरल्याचा चर्र आवाज. एखादं प्रकरण ऐन रंगात आलं की आतला आवाज बंद पडायचा. मग आम्हाला कळायचं की आई दारात येऊन उभी आहे आणि आंबोळी बहुतेक करपणार. वर्षाचा बहुतेक काळ आमच्याकडे रात्रीला आंबोळी नाहीतर उकड्या भाताची पेज असायची, बरोबर काळ्या वाटाण्याची उसळ किंवा बांगड्याचं तिखलं. मला आजही त्या उसळीचा वास आला की कानात दादांचा आवाज येतो, आणि तो आवाज वादळात सापडलेल्या होडीबद्दल काहीतरी सांगत असतो.

काजळद्वीपाची गोष्ट इथे थोडक्यात सांगायला हवी. समुद्रात काळ्या वाळूची सात बेटं आहेत, आणि तिथले वारे नावानं हाक मारली तर येतात. नावाड्याची मुलगी तारिणी ही त्यातली मुख्य. तिच्याबरोबर असतो विरूप नावाचा म्हातारा मांत्रिक. विरूपाच्या मंत्राला किंमत आहे. प्रत्येक मंत्रामागे त्याला स्वतःची एक आठवण द्यावी लागते, आणि दिलेली आठवण परत येत नाही. पहिल्या भागात तो आपल्या आईचा चेहरा देऊन बसतो. दुसऱ्या भागात, 'मिठाचा राजा'मध्ये, वादळात होडी फुटायची वेळ येते तेव्हा तो तारिणीचं नाव देतो. त्यानंतर तिला ओळखतो, तिच्यासाठी जीव टाकतो, पण हाक मारतो 'पोरी' म्हणून. ते प्रकरण दादांनी वाचलं त्या संध्याकाळी आमच्याकडे कुणी धड जेवलं नव्हतं.

मतं तर प्रत्येकाची वेगळी. दादांना गोष्टीपेक्षा भरती-ओहोटीची काळजी. "अमावास्येच्या सांजेक एवढी भरती? ह्या माणसान समुद्र बघल्यान तरी आसा काय?" असं म्हणून ते पान उलटायचे, पण पुस्तक खाली ठेवायचे नाहीत. आमच्या शेजारी सदाकाकाचं सोडा-लेमनचं दुकान होतं. तो रोज वाचनाला यायचा आणि त्याला कायम संशय. कुठलाही माणूस भला वागला की सदाकाका म्हणायचा, "हो फितूर आसा, बघीत ऱ्हवा." दहा वेळा खोटा ठरला तरी अकराव्यांदा तेच. शालूआतेला फक्त तारिणी दिसायची. तारिणीला कुणी एक शब्द बोलला की ती लेखकाला दूषणं द्यायची. आई मत द्यायची नाही असं आम्ही समजत होतो. पुढे ते चूक ठरलं. मला काय आवडायचं? मला नियम आवडायचा. ज्या जगात काहीही होऊ शकतं तिथेही एक गोष्ट होऊ शकत नाही, हे मला फार भरवशाचं वाटायचं. तेव्हा मी अकरावीत होते आणि बाहेरच्या जगात इतका भरवसा कुठे दिसत नव्हता.

मग पाचवा भाग आला. त्याच्या शेवटच्या पानावर तारिणी जखमी होऊन किनाऱ्याला लागते, विरूप धावत येतो, वाळूत गुडघे टेकतो आणि म्हणतो, "तारिणी." संपलं. दादांनी पुस्तक मिटलं. शालूआते पदरानं डोळे पुसत होती. सदाकाकानं पहिल्यांदाच कुणाला फितूर म्हटलं नव्हतं. आणि मी म्हटलं, "पण तेका आठवला कसा?"

तिथून भांडण लागलं. शालूआते म्हणाली, "प्रेमान् आठवला. तुका ह्या वयात काय कळतला?" दादा म्हणाले, रात्री जमिनीवरून मतलई सुटली की वारा उलटा फिरतो, वाऱ्याला दिलेली आठवण वाऱ्याबरोबर परत आली असेल, त्यात नवल काय. सदाकाकानं तर शपथेवर सांगितलं, "तो विरूप न्हयच. वेषांतर करून इलेलो दुसरो कोणतरी आसा. सहावो भाग येवंदे, मगे बघा." मी दुसरा भाग काढून आणला आणि दाखवलं, 'दिलेली आठवण परत येत नाही' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. "मगे ही फसवणूक आसा," मी म्हटलं. "लोकांका बरा वाटूचा म्हणान केलेली." शालूआतेनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं, कव्हर सारखं केलं आणि फडताळात ठेवून दिलं.

त्याच सुमारास वाचनालयाचा वर्धापनदिन ठरला आणि अध्यक्ष तात्यांनी खटपट करून पाहुणे म्हणून खुद्द औटींना बोलावलं. ते येतो म्हणाले तेव्हा गावात मुंबईहून नाटक येणार असल्यासारखी गडबड उडाली. उतरायची सोय तात्यांकडेच होती. पण त्यांची सून नेमकी बाळंत झाली, सोयर आलं, आणि लेखक आमच्या घरी यायचं ठरलं. शालूआतेनं ओटी स्वतःच्या हातानं सारवली. दादांनी पलंगाची कुरकुर थांबवायला पायाखाली पाचर मारली. आईनं एकच प्रश्न विचारला, "मासे खातत काय ते?" ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

कणकवलीला गाडी बदलून औटी दुपारच्या एसटीनं उतरले. मला कुणीतरी उंच, दाढीवाला माणूस अपेक्षित होता. हे ठेंगणे, पांढरा शर्ट, कापडी पिशवी, आणि प्रवासात गाडी लागल्यामुळे चेहरा हिरवट झालेला. शालूआते त्यांच्याशी असं छापील बोलायला लागली की मी तिच्याकडे बघतच राहिले. "आपले आगमन ही आमच्यासाठी पर्वणी आहे," वगैरे. ते म्हणाले, "बाई, आधी थोडं पाणी मिळेल का?" मासे ते खात नव्हते. आईनं मग ओल्या काजूंची उसळ केली, घावणे केले, सोलकढी केली. सोलकढीचा पेला त्यांनी तीनदा पुढे केला. चेहऱ्यावर रंग आला. आईचं लेखकाबद्दलचं मत तिथेच ठरून गेलं.

कार्यक्रमाला निघायच्या आधी शालूआतेनं मला स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत गाठलं. "नलू, थंय कायएक इचारू नको हां. पावणो आसा आपलो." मी मान हलवली. आता आठवलं तर वाटतं, मान हलवताना मी खोटं बोलत नव्हते. विचारायचं नाही असंच माझ्याही मनात होतं.

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. औटी छान बोलले. लहानपणी आपण समुद्र पाहिलाच नव्हता, म्हणून तो मनानं रचावा लागला, असं काहीसं म्हणाले, आणि दादांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग तात्यांनी जाहीर केलं, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारावं. आमच्याकडची माणसं घरात वाघ आणि सभेत गोगलगाय. एकही हात वर होईना. औटी थांबून राहिले होते, चेहऱ्यावर ते पाहुण्याचं हसू. आणि मला एकदम फार वाईट वाटलं, की हा माणूस एवढा लांबून आला, त्याची पुस्तकं आम्हाला तोंडपाठ आहेत, आणि त्याला हे कळणारच नाही. मी उठून उभी राहिले.

"सर, विरूपाला तारिणीचं नाव कसं आठवलं?"

"म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या भागात वादळात तो तिचं नाव देऊन टाकतो. त्यानंतर सगळीकडे तो तिला 'पोरी' म्हणतो. तिसऱ्या भागात, चौथ्या भागात, पाचव्यातही. फक्त शेवटच्या पानावर नाव घेतो. आणि दिलेली आठवण परत येत नाही असं तुम्हीच लिहिलंय."

सभागृहात कुजबुज झाली. शालूआते पहिल्या रांगेत ताठ बसली होती, तिची मान हलली नाही. औटींनी चष्मा काढला. पुसायला म्हणून काढला असं वाटलं, पण पुसला नाही, नुसता हातात धरून राहिले.

"वादळात त्यानं काय दिलं म्हणालीस?"

"तारिणीचं नाव, सर."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मी विसरलो."

लोकांना तो विनोद वाटला. सगळं सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. तात्या लगबगीनं शाल-श्रीफळ घेऊन पुढे झाले. पण मी समोर उभी होते, आणि मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते हसत नव्हते.

घरी येताना शालूआते औटींबरोबर पुढे चालली आणि मी दादांच्या मागे. जेवायला बसताना ती आईला म्हणाली, "हिका सांग ताट घेवक." मी समोर होते, तरी. औटींनी थोडा दहीभात खाल्ला. घावण्यांना हात लावला नाही, सोलकढीचा पेला तसाच राहिला. आईनं माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्या पाहण्यात शालूआतेच्या न बोलण्यापेक्षा जास्त दटावणी होती.

सकाळी मी उठले तेव्हा औटी खळ्यात आंब्याच्या कलमाखालच्या बाकावर बसले होते. अंगावर उन्हाचे तुकडे पडलेले. मला बघून म्हणाले, "माझी पुस्तकं आहेत घरात? सगळी?" मी शालूआतेकडे पाहिलं. ती आत गेली आणि खाकी कव्हरातली पाचही पुस्तकं घेऊन आली. त्यांनी दुसरा भाग उघडला. पान शोधायला वेळ लागला नाही, कारण ते पुस्तक उघडलं की आपोआप वादळावरच उघडायचं. आणि मग त्यांनी ते प्रकरण वाचलं, अगदी सावकाश, दुसऱ्या कुणाचं वाचावं तसं. वाचून झाल्यावर मान वर करून म्हणाले, "चांगलं लिहिलंय की हो." त्यात फुशारकी नव्हती. आश्चर्य होतं.

तेवढ्यात सदाकाका सोड्याच्या बाटल्या घेऊन आला. दादांना त्या दिवशी सुट्टी होती. औटी म्हणाले, "काल ही मुलगी बोलली. तुम्ही सगळे काय म्हणत होता तेही सांगा. भीड ठेवू नका." आधी भीड ठेवली सगळ्यांनी. मग सदाकाकानं आपला वेषांतराचा तर्क सांगितला, आणि औटी एवढे मनापासून हसले की त्यानंतर कुणालाच आवरेना. दादा आत जाऊन पंचांग घेऊन आले आणि भरतीच्या वेळा त्यांनी तिथीनिशी समजावून दिल्या. औटी दोन्ही हात जोडून म्हणाले, "हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?" आई दारात उभी होती. त्यांनी तिलाही विचारलं. आई म्हणाली, "माझं काही नाही. पण पाच पुस्तकं झाली, ती तारिणी एकदासुद्धा पोटभर जेवलेली नाही. कसली लढाई करणार ती?" पुढच्या भागातही त्यांनी तारिणीला जेवायला घातलं नाही, हे आईनं त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही.

शालूआते मात्र पुस्तकांची कव्हरं सारखी करत बसली होती. औटींनी विचारलं, "बाई, तुम्हाला काय वाटतं?" तिनं आधी छापील मराठीतच सुरुवात केली. "माझ्या मते ते प्रेमाचे सामर्थ्य आहे. आपण विसरलो असे आपण म्हणू नये."

"पण मी खरंच विसरलो होतो हो," औटी म्हणाले. "लिहिताना मला फक्त एवढंच वाटलं, की आता यानं तिला नावानं हाक मारावी."

त्यावर आतेचं छापील मराठी संपलं. "लिवलात तुमी, पण वाचलाव आमी! मी ता पान वाचून रडलंय, ता काय तुमच्या चुकेसाठी? तेका आठवला म्हणजे आठवला. इसारलंय म्हणान सांगूक तुमका काय हक्क आसा?"

आपण काय बोललो ते लक्षात येऊन शालूआते लाल झाली. औटींनी हातातलं पुस्तक मिटलं. मग फार हळू म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. या मुलीचंही बरोबर आहे. अडचण तीच आहे."

नंतर ते स्वतःबद्दल थोडं बोलले, तेवढंच. दुसरा भाग लिहिला तेव्हा त्यांना प्रत्येक होडीचं नाव पाठ होतं, कुठला वारा कुणाचं ऐकतो ते झोपेतही सांगता आलं असतं. आता मागची पानं उघडून शोधावं लागतं, आणि कधीकधी शोधायला हवं हेसुद्धा सुचत नाही. सहावा भाग सुरू करून सोडून दिला होता. "मला वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नसेल," ते म्हणाले. "आता लिहावा की नाही, ठाऊक नाही." मी गोष्टीतली चूक दाखवायला गेले होते, गोष्टच बंद पाडायला नव्हे.

एसटी स्टँडवर त्यांना सोडायला दादा आणि मी गेलो. गाडीत चढताना औटींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. परत येताना दादा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "इचारलंस ता बरा केलंस." दादांनी माझं कौतुक केल्याची मला त्याआधीची आठवण नाही.

"पण तेंनी लिवचा बंद केल्यानी तर?"

"तर आपण पाचच वाचूया. पण खोट्या कौतुकावर सहावो नको."

पुढे मी आयुष्यभर मराठी शिकवलं, मुलांच्या वह्या तपासल्या, नवं लिहिणारी मुलं कथा घेऊन यायची त्यांना मतं दिली. प्रत्येक वेळी मत देताना मला तो रस्ता दिसतो, सायकलच्या चेनचा तो टिकटिक आवाज येतो. मत द्यायचं तर समोरच्याला उभं राहायला जागा ठेवून द्यायचं, हे मी कुठल्या पुस्तकात शिकले नाही. तरीही ते द्यायचंच, हे दादांनी शिकवलं.

शालूआतेचा अबोला कसा सुटला तेही सांगते. सदाकाका मुलीकडे वालावलला गेला होता आणि तिला वाद घालायला माणूस उरलं नव्हतं. मी विहिरीवर कळशी भरत होते. ती मागून आली आणि कसलीच प्रस्तावना न करता म्हणाली, "मगे चौथ्या भागात तो तिच्याकडे बघून हसता, ता कित्या? ता सांग." मी सांगितलं. तिनं ते खोडून काढलं. संध्याकाळपर्यंत आमचं पूर्ववत झालं.

सहावा भाग मात्र काही येईना. दिवाळ्या गेल्या, आंब्याचे हंगाम गेले. वाचनालयात माझं नाव झालं होतं. मी दारात दिसले की कुणीतरी म्हणायचंच, "ही ती नलू. हिच्या प्रश्नान् सहावो भाग बुडवल्यान." सदाकाका गिऱ्हाईकांना सांगायचा, "हेंच्याकडे येवन लेखक गप झालो." थट्टाच होती ती, पण मला लागायची. मी पुढे शिकायला कणकवलीला मावशीकडे राहिले तेव्हा एक गोष्ट मनापासून आवडली, की तिथे मला या कारणासाठी कुणी ओळखत नव्हतं. मात्र स्टँडवरच्या पुस्तकांच्या दुकानाशी थांबल्याशिवाय एकही शनिवार गेला नाही.

माझ्या भाचीनं हल्ली मला मोबाइलवर काजळद्वीपाच्या वाचकांच्या एका गटात घातलंय. नातवंडांच्या वयाची मुलं तिथे आमच्यासारखीच भांडतात. मध्यंतरी एकानं लिहिलं होतं, "पाचव्या भागात लेखक चक्क विसरला असणार." त्याच्यावर सगळे असे तुटून पडले की विचारू नका. औटी आता नाहीत, दादा नाहीत. शालूआते आहे, नव्वदीला टेकली आहे. मी तिला ते वाचून दाखवलं आणि विचारलं, लिहू काय खरं काय ते? ती म्हणाली, "गप ऱ्हव. भांडूंदेत. बरा असता."

तर कणकवलीला शिकत असतानाच्या एका शनिवारी तिथल्या स्टँडवर, दोरीला चिमट्यानं लावलेल्या मासिकांच्या मागे, सहावा भाग उभा होता. मी तो घेतला आणि देवगडची गाडी धरली. आमच्याकडे एकट्यानं पुढे वाचायचं नाही असा अलिखित कायदा होता, म्हणून पुस्तक मिटूनच मांडीवर ठेवलेलं. तिकीट फाडता फाडता कंडक्टरची नजर गेली. "सहावो इलो?" असं म्हणून त्यानं ते उचललं आणि उभ्या उभ्या पहिलं पान वाचायला लागला. पुढचा थांबा आला, माणसं उतरली, घंटी वाजेना. मागून कोणीतरी ओरडलं तेव्हा त्यानं पुस्तक परत दिलं आणि म्हणाला, "कोणाक सांगू नको हां, काय झाला ता." मी म्हटलं, मी वाचलेलंच नाही. त्याला ते खरं वाटलं नसावं.

दादांनी बातमी ऐकली आणि पायात एक चप्पल असतानाच थांबले. संध्याकाळी खळ्यात वाचनाला इतकी माणसं आली की आईनं शेजारून चटया मागवल्या. तात्याही आले. वाचन कितीतरी संध्याकाळी चाललं. भरती-ओहोटी या खेपेस अगदी तिथीबरहुकूम होती, आणि दादा ती वाक्यं दोनदोनदा वाचायचे. सदाकाकानं तीन भल्या माणसांवर संशय घेतला आणि त्यातला एक खरंच फितूर निघाला, तेव्हा त्यानं सगळ्यांना फुकट लेमन पाजलं. पण मी वाट बघत होते ती एकाच गोष्टीची, आणि ती येईना. मला वाटलं, टाळलं त्यांनी. वाईटही वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही.

मग शेवटाकडचं एक प्रकरण आलं. लढाई संपली आहे. विरूपाजवळ आता फारशा आठवणी उरलेल्या नाहीत. तारिणी त्याला होडीतून शेवटच्या बेटावर घेऊन चालली आहे. ती विचारते, त्या दिवशी किनाऱ्यावर तुम्हाला माझं नाव कसं आठवलं? दादांचा आवाज तिथे खाली आला. मी शालूआतेकडे पाहिलं नाही, पाहवलं नाही.

विरूप म्हणतो, आठवलं नव्हतं, पोरी. किनाऱ्यावरची माणसं तुला हाका मारत धावत होती, ते ऐकलं. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मी तुला ओळखावं एवढंच तुला हवं होतं. माझ्यापाशी देण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. म्हणून तेवढं दिलं.

दादा थांबले. पुढे अर्धं पान होतं, पण ते वाचेनात. आत आईचा हात थांबला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. नियम मोडला नव्हता. दिलेली आठवण परत आली नव्हती. आणि शालूआतेचंही खोटं ठरलं नव्हतं. ज्या माणसाला आम्ही गप्प केलं असं मला वाटत होतं, तो त्या कलमाखालच्या बाकावरून उठून गेल्यापासून एवढी वर्षं या एका पानाशी झुंजत होता. आम्ही सांगितलेल्यातलं एकही कारण त्यानं घेतलं नव्हतं. स्वतःचं शोधलं होतं.

"हो तर..." सदाकाकानं सुरुवात केली आणि खाली बघून चटईची काडी उपसायला लागला.

शालूआते चटईवरून उठली. पदर कमरेला खोचला, उगाच मांडवाच्या खांबापर्यंत गेली, परत आली. आता ती औटींवर तुटून पडणार, निदान माझ्यावर तरी, असं सगळ्यांना वाटलं. तिनं दादांच्या हातातलं पुस्तक घेतलं, त्या पानात नारळाच्या झावळीची काडी घातली, मिटलं, आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"उद्या ह्याच परत वाच," ती म्हणाली. "आज माका नीट आयकाक इला नाय."

दुसऱ्या दिवशी दादांनी ते प्रकरण पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. सगळी माणसं परत आली होती, आणि पुढे काय होणार हे ठाऊकच नसल्यासारखी ऐकत बसली होती.